दोन वाजताचा भोंगा

जगातली कोणतीही वस्तू अखंड राहू नये अशी ईश्वराची इच्छा असावी, आणि ती पार पाडण्यासाठी त्याने माझ्या मावशीच्या यजमानांना चिंचवडात पाठवले असावे, याविषयी मला आजही शंका वाटत नाही. काकांच्या हाती जे जे आले त्याचे वाटे झाले. आंबा आला तर त्याच्या फोडी पलीकडच्या आळीपर्यंत पोचत. कोय मात्र हातात धरून ते बराच वेळ अस्वस्थ बसत, कारण कोय वाटता येत नाही ही निसर्गाची एक ढोबळ चूक आहे असे त्यांचे मत होते. पुण्याहून सकाळच्या गाडीने येणारे वर्तमानपत्र दारात पडले की त्याची पाने सुटी होत आणि एकेक पान एकेका घरी रवाना होई. परिणामी, दिल्लीत कोणा मंत्र्यांनी भाषणाला सुरुवात केल्याचे आमच्या घरी कळे. ते भाषण संपले की नाही हे पाहायला सोनारांच्या ओट्यावर जावे लागे. आणि धान्याचे भाव हवे असतील तर थेट नदीकाठच्या शेवटच्या घराची कडी वाजवावी लागे. मावशी म्हणे, "एवढं मोठं जग, आणि आपल्या वाट्याला त्याचं नुसतं डोकं." त्यावर काका प्रसन्नपणे म्हणत, "अगं, पण डोकं आपल्याकडेच राहिलं ना!"

पन्नास सालानंतरची ती वर्षे. गावातल्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिकवू लागले होते आणि मावशीकडे राहत होते. शाळा सकाळची. परतताना पवनेवरून येणारा ओल्या गवताचा वास मागे पडे आणि ताज्या रंगाचा, तेलकट, किंचित डोक्यात जाणारा वास सुरू होई. तो आला की काकांचा कारखाना आला असे समजावे. तिथे लोखंडी ट्रंका बनत. पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज दूरवरून ऐकला तर गारांचा पाऊस एकाच छपरावर अडकून पडला आहे असे वाटे. पलीकडे पिंपरीच्या माळावर मोठमोठ्या कारखान्यांच्या भिंती चढत होत्या. त्यांच्यापुढे आमचा हा ट्रंकांचा कारखाना म्हणजे बाजाराच्या कडेला बसलेला एखादा भाजीवाला. पण काका त्याचे फोरमन होते, आणि ते पद ते असे काही मिरवीत की मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या टपावरची ट्रंक ते थांबून न्याहाळीत आणि ती आपली असली तर तिला मान लववून नमस्कार करीत.

तरीही त्यांची खरी कीर्ती कारखान्यातली नव्हती. ती पंगतीतली होती. चिंचवड-आकुर्डीत लग्न ठरले की मुहूर्ताच्या आधी काका वाढायला मोकळे आहेत ना, याची चौकशी होई. इतर वाढपी समोरच्या पानाकडे पाहून वाढतात. काकांची नजर पहिल्या पानावर पळी टेकवतानाच शेवटच्या पानावर गेलेली असे. पातेल्यात किती आहे, बाहेर ओट्यावर चपला किती निघाल्या आहेत, कोण दुसऱ्यांदा मागणार आहे, हे सारे त्यांना एका दृष्टिक्षेपात उमगे, आणि त्यानुसार त्यांची पळी भरतीची किंवा ओहोटीची होई. आकुर्डीच्या एका लग्नात श्रीखंड कमी पडणार हे यजमानांच्याही आधी त्यांनी ओळखले आणि वरपक्षाच्या थेट पहिल्या पंक्तीपासून हात आखडता घेतला. नवऱ्यामुलाचे मामा पानातल्या त्या केशरी ठिपक्याकडे बघत मोठ्याने म्हणाले, "काय हो, श्रीखंड वाढताय की गंध लावताय?" काका कमरेत वाकलेल्या स्थितीतच उत्तरले, "मामासाहेब, गंध शेवटच्या कपाळालाही लागायला हवं. तिकडे मुलीकडची माणसं अजून हात धुवायचीत." मामा चडफडले, पण त्या दिवशी सर्वांत उशिरा बसलेल्या, ढोल वाजवून दमलेल्या माणसांच्याही पानात केशराचा वास होता. काकांच्या लेखी मांडवातला सर्वांत मोठा अपराध एकच होता: एखाद्याला पानावर बसवायचे आणि मग संपले म्हणून उठवायचे.

त्यामुळे कारखान्यात तसाच प्रसंग आला तेव्हा काका कसे वागणार हे खरे तर आम्हांला आधीच कळायला हवे होते. निम्म्याहून अधिक ट्रंका मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याकडे जात, त्याने त्या वर्षी ऐन श्रावणात मागणी थांबवली. अंगणात तयार ट्रंकांच्या थप्प्या चढू लागल्या आणि पावसाने त्यांच्या कडांना तांबूस गंज धरू लागला. कारखान्याचा शेठ माणूस वाईट नव्हता. चिंतेने त्याचे टोपीखालचे कपाळ सतत ओले असे. त्याने ठरवले की शेवटी लागलेल्या आठ माणसांना रजा द्यायची. त्या आठांत आमच्याच परसातल्या खोलीत राहणारा रंगारी होता. मराठवाड्यातून आलेला, शिडशिडीत, बोटांच्या नखांत कायम हिरवा रंग अडकलेला. ट्रंकेच्या झाकणावर गुलाबाचे फूल काढावे तर त्यानेच. दोनच महिन्यांपूर्वी त्याने गावाहून बायकोला आणले होते आणि तिला सहावा महिना लागला होता. बातमी कळली त्या संध्याकाळी तो आमच्या पायरीवर येऊन बसला. "काका, बिऱ्हाड आत्ताच आणलंय म्या. तिला घिऊन आता वापस कुठं जावं मनून?" एवढेच तो म्हणाला. आत चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला. मावशीचे लक्ष तिच्याकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका शेठकडे गेले. काय झाले ते त्यांनी जेवताना दोन्ही भूमिका स्वतः वठवून आम्हांला सांगितले; शेठ झाले की ते उपरणे कपाळाला लावीत आणि काका झाले की खाली घेत.

"काका, माझा का जीव तुटत नाही? पण काम निम्मं आणि माणसं पुरी, हे बसायचं कसं?"

"माणसं कशाला कापता शेठ? दिवस कापा."

"दिवस?"

"आठ ते पाचचा दिवस आहे आपला. तो आठ ते दोन करा. पगार त्या मानानं आखडेल सगळ्यांचा. पण सकाळचा भोंगा झाला की आज जेवढे आत येतात तेवढे सगळे आत आले पाहिजेत."

"आणि माणसं कबूल होतील? जुनी माणसं?"

"ते माझ्याकडे लागलं."

शेठ विचारात पडला आणि शेवटी म्हणाला की दिवाळीपर्यंत बघू. तोवर जमले तर ठीक, नाहीतर आठजण जातील आणि मग काकांनी मध्ये पडायचे नाही. काकांनी हे सांगून उपरणे खांद्यावर टाकले आणि ताकाचा भुरका मारला. मावशी म्हणाली, "आणि तुमचा पगार? तुम्ही तर महिन्याचे माणूस." काका ताकाच्या वाटीत बघत म्हणाले, "वाढप्यानं स्वतःसाठी आत झाकून ठेवायचं नसतं." मावशीने त्यांच्याकडे असे पाहिले की वाटीतले ताक नासायला हरकत नव्हती; आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरी दुधाचा एक लोटा कमी येऊ लागला.

माणसांना विचारायचे काम मात्र काकांना वाटले तितके सोपे नव्हते. त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा कारखान्याच्या अंगणात चिंचेखाली सगळे जमले होते. पाऊस नुकताच थांबला होता आणि पानांवरून थेंब पत्र्यावर पडत होते: टप्, टप्, जणू कोणी चुकार कामगार तेवढाच काम करीत होता. सर्वांत जुने कारागीर तात्या, कुरुळीहून रोज सायकल मारीत येणारे, हाताचे पंजे ऐरणीसारखे, पुढे सरसावले.

"काका, आमी पयल्यापासनं हाय इथं. मागनं आलेल्यांसाटी आमच्या ताटातलं का म्हून काढता?"

"काढतोय खरं," काका म्हणाले. "खोटं कशाला बोलू? तुमच्या ताटातलं, माझ्या ताटातलं."

"ह्यो काय न्याय झाला व्हय?"

"न्याय कसला तात्या. पण मला सांगा, उद्या सकाळी ह्या आठांच्या जागा रिकाम्या दिसल्या, तर तुमचा हातोडा सरळ पडेल?"

 तात्यांनी तंबाखूची चंची काढली, चुना लावला, बराच वेळ मळीत राहिले. रंगारी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, नखांतला हिरवा रंग काडीने कोरीत उभा होता; त्याने मान वर केली नाही. शेवटी तात्या कोणाकडेही न बघता म्हणाले, "आमच्या इहिरीचं पानी चैतात उतरलं की समद्यांची पाळी आखडत्यात. घर न्हाई वगळत कुनाचं. माज्या बापानं बी न्हाई वगळलं." मग एकदम काकांकडे बोट रोखून, "पर ध्येनात ठिवा, पानी चढलं की माजी पाळी मला पुरी पायजे. तवा वाटं पाडायला येऊ नगा!"

"नाही येणार," काका म्हणाले, आणि आनंदाने त्यांनी माझ्या हातातला डबा घेऊन उघडला व त्यातल्या दशम्या जमलेल्या सर्वांत वाटून टाकल्या. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा नखाएवढा होता.

अशा रीतीने दोन वाजताचा भोंगा सुरू झाला, आणि पहिल्याच आठवड्यात त्यातून एक असे संकट उपटले की ज्याचा काकांनी स्वप्नातही विचार केला नव्हता. दिवस लहान झाला म्हणून माणसे ओशाळली होती. आपल्यावर काहीतरी उपकार झाला आहे आणि तो फेडला पाहिजे, अशा भावनेने ती हातोड्यांवर तुटून पडली. पूर्वी तंबाखूला थांबत ते थांबेनासे झाले, पाणी प्यायला जाणारे धावत परतू लागले, आणि रंगारी तर दोन्ही हातांनी गुलाब काढू लागला. दोनाच्या ठोक्याला बघावे तर पाचपर्यंत होई तेवढेच काम उरकलेले! थप्प्या कमी व्हायच्या त्या वाढल्या. शेठ अंगणात उभा राहून त्या थप्प्यांकडे बघत कपाळ पुसत म्हणाला, "काका, एवढ्या वेळात एवढं होत असेल, तर मला खरंच कमी माणसं पुरतील की."

काका घरी आले ते पांढरे पडून. "वाचवायला गेलो आणि हेच लोक आपल्या हातांनी खड्डा खणतायत," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ज्या माणसाने आयुष्यभर 'उरका, उरका' असा घोष केला, तो कामगारांच्या रांगांतून विनवणी करीत हिंडू लागला. "अरे, हळू. गाडी चुकतेय का तुझी? आधी पाणी पी. घरचं सगळं बरं ना? मग नीट सांग की, आईचा गुडघा कसा आहे?" तात्यांच्या हातातला हातोडा त्यांनी एकदा चक्क धरून ठेवला. तात्या भडकले. "काका, ह्यो हात तुमीच लावलाय पळायला! आता लगाम वढता व्हय? हात काय आयकतोय?" त्यावर काकांना युक्ती सुचली. ते म्हणाले, "हात थांबवू नका. पण एकच कोपरा दोनदा ठोका. बिजागरी लावली की दहादा उघडमीट करा, कुरकुरली तर काढून पुन्हा लावा. शेठच्या सासूला भेट द्यायचीय असं समजा." मग काय विचारता! ट्रंकेच्या कडा हाताला लोण्यासारख्या लागू लागल्या. झाकण मिटताना पूर्वी खडाड् होई, ते आता एखाद्या खानदानी दारासारखे हलकेच मिटे. रंगाऱ्याला काकांनी सांगितले की घाईच करायची असेल तर गुलाबाला पाने काढ. पानांनंतर वेल आली, वेलीवर राघू बसला, आणि आठवडाभरात राघूच्या चोचीत डाळिंबाचा दाणासुद्धा दिसू लागला. थप्प्या खाली आल्या. शेठने एका ट्रंकेवरून हात फिरवला, राघूकडे बराच वेळ पाहिले आणि निघून गेला.

इकडे गावात निराळाच गोंधळ उडाला होता. भर दुपारी घरात पुरुष ही गोष्ट आमच्या आळीला ठाऊक नव्हती. पाणवठ्यावर बायका कुरकुरत: "इथं ठेवलेलं तिथं, तिथलं इथं. बसल्या जागी दोनदा च्या मागतो. आमची दुपार गेली बाई!" आमच्याकडे काकांनी पहिल्या दिवशी मावशीचा मिसळणाचा डबा उघडून हळद, तिखट, जिरे, मोहरी सगळ्या वाट्यांत सारखे भरले, कारण हिंगाला एवढीशी डबी आणि मोहरीला मोठी वाटी हा त्यांना अन्याय वाटला. मावशीने त्यांना स्वयंपाकघरातून घालवले. ते परसात गेले आणि तुळशीचे पाणी शेवंतीला देऊ लागले, तिथूनही घालवले. तेव्हा मात्र तिने माळ्यावरून एक गाठोडे काढले, झटकले, आणि त्यातून निघाला जुना सारीपाट: मखमल विटलेली, सोंगट्यांचे रंग हस्तिदंती पिवळे पडलेले. लग्नात आलेला. "एका जागी बसा," ती म्हणाली.

ते बसले, आणि आमच्या घरातली दुपार बदलून गेली. तीनच्या सुमाराला ऊन ओट्यावरून उंबऱ्याकडे सरकू लागे आणि दोघे पट थोडा आत ओढून घेत. मी वह्या तपासत बसे. माझ्या कानांवर फाशांचा खुळखुळाट, मावशीच्या काकणांची किणकिण, आणि मधूनच काकांचा आर्त उद्गार येई. मावशी खेळात अत्यंत निर्दय होती. काकांना सोंगटी मारणे जमत नसे. समोरची सोंगटी मारायची वेळ आली की ते म्हणत, "राहू दे बिचारी, घरी पोचायला आलीय," आणि पुढच्या दानाला मावशी त्यांचीच मारी. "तुम्ही सोंगट्यांनासुद्धा पंगतीला बसवाल!" असे म्हणून ती इतकी मोकळी हसे की मी मान वर करून बघे. इतक्या वर्षांत मी मावशीचे असे हसणे ऐकले नव्हते. बहुधा काकांनीही नसावे, कारण ते फासे हातात तसेच धरून तिच्याकडे पाहत राहत. खेळता खेळता ती गुणगुणे. काकांनी एकदा विचारले, "हे गाणं कधी शिकलीस?" ती म्हणाली, "कधी म्हणजे? रोजच म्हणते दुपारी."  आळीतही हळूहळू कुरकूर विरली. कोणी पोराला पोहायला शिकवी, कोणी बायकोबरोबर शेंगा निवडी. नदीकडून मुलांच्या किंकाळ्यांबरोबर बापांचे हसणे ऐकू येई, आणि ते दोन आवाज इतके सारखे असतात हे मला तेव्हाच समजले.

दिवाळी तोंडावर आली तशी मावशी खेळातही गप्प राहू लागली आणि रंगारी पायरीवर येऊन बसायचा बंद झाला. आणि अगदी त्याच सुमारास मुंबईहून मागणी परत आली. का आली, याची कारणे प्रत्येकाने आपापली सांगितली. शेठ म्हणाला, त्या व्यापाऱ्याचा दुसरा पुरवठादार बुडाला. रंगारी म्हणाला, राघू. तात्या म्हणाले, बिजागरी. मावशीने देवापुढे साखर ठेवली आणि कारण सांगितले नाही. मागणी एवढी होती की पुन्हा पाचचा भोंगा करणे भागच होते. तात्या आले, काकांसमोर उभे राहिले आणि हात पुढे करून म्हणाले, "पानी चढलं काका. द्या माजी पाळी." काकांनी दोन्ही हातांनी तो ऐरणीसारखा पंजा धरला आणि सोडीचना.

पाचच्या भोंग्याच्या पहिल्या दिवशी आठच्या आठजण आत गेले. रंगारी त्या दिवशी उशिरा पोचला, कारण पहाटे त्याला मुलगी झाली होती. काका फाटकाशी त्याची वाट पाहत उभे राहिले आणि तो आत गेल्यावर मगच आपण गेले, असे मला नंतर कळले. आम्ही ज्यासाठी देव पाण्यात ठेवले होते ते सारे झाले होते. दुपारी मी शाळेतून आले तेव्हा परसातल्या खोलीतून तान्ह्या बाळाचा कोवळा, पातळ रडण्याचा आवाज येत होता, बाळंतशेपेचा वास दरवळत होता आणि आळी अगदी शांत होती. नदीकडे फक्त मुलांचेच आवाज होते. मावशीने सवयीने सारीपाट पसरला, सोंगट्या मांडल्या, आणि मग ओट्यावर दोन चिमण्या उतरल्या होत्या त्यांच्याकडे पाहत बसून राहिली. मी म्हटले, "मी खेळू का?" ती म्हणाली, "नको. तुला नीट हरता येत नाही," आणि सोंगट्या एकेक करून उचलू लागली.

संध्याकाळी काका आले ते पत्र्याच्या वासाने भरलेले, घामाने निथळत, अतिशय खूश. पानावर बसल्या बसल्या त्यांनी सगळे सांगितले: त्या आठांतल्या सातही हातोड्यांचे आवाज त्यांनी डोळे मिटून ओळखले, तात्यांनी तीनदा तंबाखू मळली, रंगाऱ्याने आज गुलाबाऐवजी एक पाळणाच काढला आणि शेठ रागावला नाही. मावशी भात वाढत होती. काका मध्येच थांबले. त्यांनी आमटीची वाटी जरा सरकवली, आणि हवापाण्याची चौकशी करावी तशा सहज स्वरात विचारले, "आज तीन वाजता ऊन कुठपर्यंत आलं होतं गं?"

"उंबऱ्याच्या आत," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या भातावर तूप वाढताना तिने, एरवी कधी करीत नसे तशी, पळी पुरती भरून घेतली.